गाठोड्यातले रंग

जुन्या कापडांचे गाठोडे नाही असे घर आपल्याकडे क्वचितच आढळेल. कपाटाच्या वरच्या फळीवर, पलंगाखालच्या पेटीत किंवा माळ्यावर ते पडून असते. त्यात विरलेले धोतर असते, काठ टिकून अंग गेलेले लुगडे असते, शिंप्याने परत दिलेल्या कातरणांची पुरचुंडी असते, आणि वापरायचे नाही पण टाकवतही नाही असे एखाददुसरे वस्त्र असते. हे गाठोडे एके दिवशी खाली उतरते. बहुधा घरात पाळणा हलायचा असतो, नाहीतर थंडीची चाहूल लागलेली असते. मग जमिनीवर कापडांचा ढीग पसरतो आणि घरातील स्त्रियांपुढे प्रश्न उभा राहतो : यांची गोधडी करावयाची खरी, पण कोणता तुकडा कोणाच्या शेजारी ठेवावयाचा?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. नवे कापड मनाजोगे निघाले नाही तर बाजारात दुसरे मिळते. जुन्या लुगड्याला एकदा कात्री लागली की ते लुगडे संपले. त्याची दुसरी प्रत कोणत्याही दुकानात नाही. म्हणून गोधडीतील रंगांची आणि आकृतीची निवड हा कात्री हाती घेण्यापूर्वीचा विचार आहे, आणि तो सावकाशीने करण्यासारखा आहे.

म्हैसूरच्या मराठी घरांतून तर हे गाठोडे विशेषच पाहण्यासारखे असते. मराठी माणूस या मुलखात काही काल-परवा आलेला नाही. इ. स. १६३८ नंतर शहाजीराजांचे वास्तव्य बंगळूरला झाले; पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरास राज्य स्थापिले, आणि त्या दरबाराच्या आश्रयाने वाढलेली अनेक मराठी घराणी दक्षिणेत कायमची रुजली. त्याच परंपरेतील व्ही. पी. माधवराव हे १९०६ ते १९०९ या काळात, आणि त्यांच्या मागून टी. आनंदराव हे १९१२ पर्यंत, म्हैसूर संस्थानचे दिवाण होते. दिवाणांच्या वाड्यात जी भाषा चालली तीच निराळ्या लहेजाने शिंप्यांच्या आणि रंगाऱ्यांच्या घरांतही चालली. कर्नाटकात पसरलेला भावसार समाज कापड रंगविणे, छापणे आणि शिवणे हा आपला पिढीजात व्यवसाय सांगतो आणि घरी मराठीची एक जुनी बोली बोलतो. ज्या नगरात १९३५ साली प्राध्यापक गोपालस्वामी यांनी आपल्या घरी खाजगी नभोवाणी केंद्र थाटून त्याला 'आकाशवाणी' हे नाव दिले, आणि पुढे ते नाव साऱ्या देशाने उचलले, त्या नगरात परक्या ठिकाणची वस्तू आपलीशी करून घेण्याची रीत जुनीच आहे. आपण जिला गोधडी किंवा वाकळ म्हणतो तिला शेजारचे कानडी घर कौदी म्हणते. टाका तोच, कापड तेच.

अशा घरातील गाठोडे सोडले तर काय काय निघेल? इरकली लुगडे निघेल. त्याचा तांबडा रेशमी पदर मूळच्या अंगाला मागावरच फासे घालून जोडलेला असतो, म्हणजे ते वस्त्र जन्मतःच जोडाचे. गुळेदगुड्डचा खण निघेल. १९१२ साली म्हैसुरात सुरू झालेल्या सरकारी रेशीम कारखान्यातील एखादी जरीची साडी निघेल. त्यांच्या जोडीला पांढरे धोतर, मुलाचा खाकी गणवेश, परकराचे छापील चीट, आणि अलीकडच्या काळातील कृत्रिम धाग्याचे चमकदार कापड हीही असतील. या सर्वांना एकाच अंथरुणात बसवावयाचे आहे.

येथे पहिली निवड रंगाची करू नये, अंगाची करावी. कापड उजेडासमोर धरावे. ज्यातून उजेड चाळणीसारखा येतो ते वरच्या थराला निरुपयोगी. ते आत भरण्यास ठेवावे. दोन्ही हातांनी हलकेच ताणले असता जे कुरकुरते तेही आत. जे तग धरील तेच वर यावे. रेशीम आणि सूत यांची मैत्री गोधडीत टिकत नाही, कारण धुताना दोन्ही सारखी आटत नाहीत, आणि जाडसर खादीच्या शेजारी शिवलेले जुने रेशीम टाक्याच्या रेषेत फाटते. जरीचा काठ तान्ह्या मुलाच्या अंगाला टोचतो. कृत्रिम धाग्याचे कापड घाम शोषीत नाही. तेव्हा रेशमी तुकड्यांची वेगळी शाल करावी, अंथरण्या-पांघरण्याला सुतीच कापड घ्यावे, आणि एका गोधडीत शक्यतो एकाच वजनाची कापडे एकत्र आणावी. रंग सुटणाऱ्या कापडाची परीक्षाही आधीच करावी. ओल्या पांढऱ्या फडक्याने ते जोराने घासावे. फडके रंगले तर ते कापड दोन-तीन वेळा स्वतंत्र धुऊन घ्यावे, आणि तरीही रंग सुटत राहिल्यास त्याचा मोह सोडावा. नव्या तांबड्या चिटाच्या एका तुकड्याने साऱ्या पांढऱ्या धोतराला गुलाबी करून टाकल्याची उदाहरणे घरोघर सापडतात.

यानंतर रंगांकडे वळावे. येथे बहुतेकांची समजूत अशी असते की, तांबडा, पिवळा, निळा, हिरवा अशी नावे घेऊन रंगांच्या जोड्या लावावयाच्या. वास्तविक गोधडीत रंगाच्या नावाआधी त्याचा उजळपणा आणि गडदपणा पाहावा लागतो. मोरपंखी आणि किरमिजी हे दोन रंग नावाने किती निराळे! पण ते सारखेच गडद असले तर चार हातांवरून एकमेकांत मिसळून जातात आणि त्यांच्यातील आकृती दिसेनाशी होते. उलट, एकाच निळ्या रंगाचे फिके आणि गडद तुकडे आळीपाळीने लावले तर आकृती स्पष्ट उठून येते. ही पारख करण्याची युक्ती सोपी आहे. सगळे तुकडे जमिनीवर पसरून थोडे दूर उभे राहावे आणि डोळे अर्धवट मिटावे. रंगांची नावे पुसट होतात आणि केवळ उजेड व सावली उरते. त्या स्थितीत ढिगाचे तीन भाग करावे : उजळ, मध्यम आणि गडद. बहुतेक गाठोड्यांत मध्यम तुकड्यांचीच गर्दी निघते, आणि म्हणूनच पुष्कळशा गोधड्या मेहनत करूनही निस्तेज दिसतात. तेव्हा धोतराचे पांढरे आणि चंद्रकळेचे काळे ही दोन्ही टाकाऊ न समजता जपून ठेवावी.

या गोष्टीचा सुरेख दाखला म्हैसुरातच पाहावयास मिळतो. तेथील जगन्मोहन राजवाड्याच्या चित्रसंग्रहालयात सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे एक प्रसिद्ध जलरंगचित्र आहे. हातात दिवा घेतलेली एक तरुणी दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा करून उभी आहे. १९४५-४६ च्या सुमाराच्या या चित्रासाठी हळदणकरांची कन्याच समोर उभी होती. पुष्कळ प्रेक्षक हे चित्र राजा रविवर्म्याचे समजूनच त्यासमोर थांबतात, इतके ते लोकप्रिय आहे. त्यात रंग मोजकेच आहेत. जो प्रकाश आपल्याला खऱ्या दिव्याचा भासतो तो वास्तविक थोड्याशा उजळ रंगाचा आहे, आणि त्याला तेज आले आहे ते भोवतालच्या विस्तीर्ण काळोखामुळे. ज्योतीवर धरलेल्या बोटांमधून पाझरणारी लाली क्षणभर झाकून कल्पना केली तर सारे चित्र विझल्यासारखे होईल. गोधडी करणाऱ्या स्त्रीने या चित्रापुढे पाच मिनिटे उभे राहावे. आपल्याजवळ उजळ पिवळा तुकडा एकच आणि हातभर आहे म्हणून तिला खट्टू होण्याचे कारण नाही; तो कोणत्या काळोखात ठेवावयाचा एवढेच तिला ठरवावयाचे आहे.

शेजाराचा हा परिणाम शास्त्रानेही सिद्ध केलेला आहे, आणि तोही एका तक्रारीच्या निमित्ताने. पॅरिसच्या गोबेलीन या चित्रपट विणणाऱ्या राजकीय कारखान्यात शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून रंगाई विभागाचे प्रमुख होते. निळ्या व जांभळ्या वस्त्रांच्या घड्यांसाठी वापरलेला काळा रंग फिका पडतो, अशी विणकरांची तक्रार त्यांच्याकडे आली. शेव्रल यांनी निरनिराळ्या ठिकाणच्या काळ्या लोकरीशी ती ताडून पाहिली. काळ्या रंगात दोष नव्हता. निळ्या आणि जांभळ्याच्या शेजारी बसल्याने डोळ्यालाच तो काळा दुबळा दिसत होता. यावरून पुढे त्यांनी रंगांच्या परस्परविरोधाचा मोठा ग्रंथ १८३९ साली प्रसिद्ध केला. तांबड्याशेजारी हिरवा ठेवला तर दोन्ही अधिक भडक होतात. तांबड्याशेजारी करडा ठेवला तर करड्यात हिरवट झाक भासू लागते. आपल्या खणाच्या चोळ्या आणि काठांची लुगडी विणणाऱ्या कारागिरांना हे हातांनीच ठाऊक होते. अमुक तुकडा कुरूप आहे असा निकाल देण्यापूर्वी त्याचा शेजारी बदलून पाहावा, एवढा व्यवहार त्यातून घेण्यासारखा आहे. खाकी गणवेशाचा तुकडा चिटाच्या गर्दीत मळकट दिसतो; गडद निळ्याच्या शेजारी तोच सोनेरी वाटू लागतो.

प्रमाणाविषयीही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. सर्व रंग सारख्या मापाने घातले तर गोधडीत बाजार भरतो. म्हैसूरच्या देवराज मंडईत कुंकवाचे आणि रंगीत पुडीचे उभे ढीग मांडलेले असतात. तेथे ते डोळ्याला सुखावतात याचे एक कारण असे की प्रत्येक ढिगाभोवती मोकळी जागा असते. गोधडीतही अशी विसाव्याची जागा हवी. साधारण निम्मा भाग एखाद्या शांत रंगाने व्यापावा, त्याच्या जोडीला दुसरा एक रंग असावा, आणि उरलेले भडक तुकडे थोडे थोडे पेरावे. जो रंग एकदाच येतो तो डागासारखा दिसतो. तोच पाच ठिकाणी आला की तो योजलेला वाटतो. म्हणून एखादे कापड अगदीच थोडे असले तर त्याचा एक मोठा चौकोन करण्यापेक्षा पाच लहान तुकडे करून ते निरनिराळ्या कोपऱ्यांत पोचवावे.

आता आकृतीकडे यावे. आकृती ही गोधडीवर बाहेरून लादता येत नाही. ती हाती असलेल्या तुकड्यांच्या आकारातून निघते. याचे अतिशय जुने उदाहरण बौद्ध विनयग्रंथांत आहे. मगधात दक्षिणगिरीकडे जाताना बुद्धांनी बांधांनी आखलेली भातखाचरे पाहिली आणि भिक्षूंचे चीवर अशा आकाराचे करता येईल काय, असे आनंदाला विचारले. आनंदाने लहानमोठ्या पट्ट्या बांधांसारख्या शिवणींनी जोडून तसे चीवर सिद्ध केले. कापडाचे तुकडे झाल्यामुळे ते श्रमणाला शोभणारे झाले आणि चोराच्या दृष्टीने निरुपयोगी झाले, असाही त्याचा लाभ तेथे सांगितला आहे. खाचराची ती आकृती आजही गोधडीला सर्वांत सोयीची आहे, कारण तिच्यात लांब पट्टी आणि आखूड तुकडा या दोहोंनाही जागा मिळते. आपल्या महाराष्ट्रात गाडगेबाबांना लोक प्रेमाने गोधडेबुवा आणि चिंधेबुवा म्हणत. १९५६ साली त्यांचे देहावसान झाले. पण ठिगळांच्या वस्त्राला लाज न मानता प्रतिष्ठा देणारी ही परंपरा किती लांबवर पोचते ते यावरून दिसते.

दुसरी रीत काठाकडून आत येण्याची. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांतील रानांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. पोर्तुगिजांच्या काळी गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे हे वंशज मराठी-कानडी शब्दांनी मिसळलेली कोंकणी बोलतात. त्यांच्या स्त्रिया जी गोधडी शिवतात तिला कवंद म्हणतात. एका कोपऱ्यापासून आरंभ करून कडेकडेने तुकडे दुमडीत आणि धावदोरा घालीत त्या फिरत राहतात आणि शेवटी मध्याशी येऊन पोचतात. आधी आखलेला नकाशा नसतो. हाताशी आलेला तुकडा शेजाऱ्याशी ताडून बसविला जातो. चार कोपऱ्यांवर घडी घातलेल्या त्रिकोणी चिंध्यांची फुले लावल्याखेरीज कवंद पुरी होत नाही; फुलांवाचून ती उघडी राहिली असे त्या मानतात. इकडे अमेरिकेत अलाबामा राज्यातील जीज बेंड या खेड्यात, गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशातील स्त्रियांनी शेतावरच्या फाटक्या पोशाखांतून जी पांघरुणे शिवली त्यांतही चौकोनाभोवती चौकोन रचण्याची पद्धत आहे. २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात ती मांडली गेली आणि चित्रकलेचे जाणकार त्यांच्यापुढे थक्क होऊन उभे राहिले. लांब पट्टी कडेला आणि आखूड तुकडा मध्याला, हा हिशेब दोन्ही ठिकाणी गरजेनेच शिकविला. आपल्या गोधडीवरही टाका पुष्कळदा कडेने फिरत आतच येतो, आणि त्यामुळे कापडाचा फुगवटा मध्याकडे सरकत जाऊन शेवटी सपाट बसतो.

तिसरी रीत चौकोनांची. ती पाहावयास सोपी, पण तिच्यात एक गणित आहे. सहा इंचांचा चौकोन हवा असेल तर शिवणीसाठी चहूबाजूंनी अर्धा इंच धरून सात इंचांचा तुकडा कापावा. आडवे पाच आणि उभे सात असे पस्तीस चौकोन घेतले तर तीस इंच रुंद व बेचाळीस इंच लांब असे बाळाचे दुपटे होते. उजळ आणि गडद चौकोन एकाआड एक लावावयाचे असतील तर दोन्ही बाजूंची संख्या विषम ठेवावी; म्हणजे चारही कोपऱ्यांवर एकाच जातीचा चौकोन येतो आणि दुपटे तोललेले दिसते. या मापात अठरा गडद आणि सतरा उजळ तुकडे लागतील. मोठ्या माणसासाठी नऊ आणि पंधरा असे एकशे पस्तीस चौकोन पुरतात. त्यांत अडुसष्ट गडद व सदुसष्ट उजळ. सम संख्या घेतली तर एक कोपरा गडद आणि त्याच्या शेजारचा उजळ असे होऊन गोधडी एका अंगाला कलल्यासारखी दिसते. एका नऊवारी लुगड्यातून, ते सगळे धड असेल तर, असे सात इंची चौकोन पावणेतीनशेपर्यंत निघतात. म्हणजे एका दुपट्यासाठी एखादे लुगडे सबंध कापण्याची मुळीच गरज नाही. विरलेल्या भागातून चार-सहा तुकडे घ्यावे आणि काठपदर तसाच राखावा. पुष्कळदा मन दुखावते ते केवळ हा हिशेब आधी न केल्यामुळे.

पण काही प्रश्न हिशेबाने सुटत नाहीत. समजा, एखाद्या जुन्या घरात गाठोड्याच्या तळाशी एक आलवण निघाले. शंभर वर्षांपूर्वी कित्येक घरांत पती वारल्यावर स्त्रीचे केशवपन करीत आणि तिला बिनकाठाचे एकरंगी तांबडे लुगडे नेसावे लागे; तेच हे आलवण. बाळाच्या पणजीच्या सासूचे ते वस्त्र. घरात दुपट्याची तयारी चालली आहे, समोर निळे, पांढरे आणि हिरवे तुकडे मांडले आहेत, आणि त्या थंड रंगांत एका उबदार रंगाची उणीव उघड दिसते आहे. सून ते तांबडे वस्त्र हातात घेते.

"अगं, ते नको," सासू म्हणते. "बाळाच्या अंगाखाली कुणी आलवण घालतं का?"

"मग ह्यांचं काय ठेवायचं, आई? ह्यांचं दुसरं काहीच नाही गाठोड्यात."

सासूचे म्हणणे तुच्छ लेखण्यासारखे नाही. तिने ते वस्त्र अंगावर पाहिलेले असेल किंवा त्याच्या गोष्टी ऐकलेल्या असतील. त्या रंगाबरोबर एका स्त्रीचे सारे आयुष्य आवळले गेले होते आणि तो आवळ नव्या जिवाभोवती नको, ही तिची भावना मायेतूनच आलेली आहे. पण सुनेचा प्रश्नही उरतोच. ज्या हातांना हळदीकुंकवाला पुढे येऊ दिले गेले नाही त्याच हातांनी त्या काळी घरोघरची बाळंतपणे काढली, रात्री जागविल्या, तान्ह्यांना न्हाऊमाखू घातले. दुपट्यात पणजोबांचे धोतर असेल, आजीचा खण असेल, आत्याचा परकर असेल, आणि ती मात्र नसेल, तर ज्या रीतीने तिला एकदा ओसरीच्या आतल्या अंधारात बसविले त्याच रीतीने पुन्हा बसविल्यासारखे होईल. तांबड्या रंगाने कोणाचे काही बिघडविलेले नव्हते. याच रंगाचे कुंकू त्याच घरात देव्हाऱ्यापुढे ठेवलेले असते. बिघडविले होते ते रूढीने, आणि रूढीला वस्त्रात जागा नसते. ती माणसांच्या मनात असते.

तेव्हा आलवण घ्यावे असे ठरले तर ते कोठे ठेवावयाचे? अगदी मधोमध मोठा चौकोन करून बसविले तर ते प्रदर्शन होते. येणारा-जाणारा त्याचीच चौकशी करील आणि सासूच्या मनाला प्रत्येक वेळी चरका बसेल. उलट्या बाजूला लपविले तर न घेतल्यासारखेच. येथे रंगाचा मघाचा नियम मदतीला येतो. एकटा रंग डाग दिसतो, पाच ठिकाणचा रंग योजना दिसते. आलवणाचे पाच लहान तुकडे करून चार कोपऱ्यांच्या आत एकेक आणि मध्याच्या जवळ एक असे पेरले, प्रत्येकाशेजारी गडद निळा ठेवला, तर निळ्याला खोली येईल आणि तांबडा मायेने तापल्यासारखा दिसेल. डोळ्याला जे तोललेले वाटते तेच येथे माणुसकीलाही धरून आहे. सासूला ते पटेल की नाही हे ज्या त्या घरानेच ठरवावे. दोघींनी मिळून तुकडे मांडून पाहावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळच्या उजेडात ज्याचे त्याला कळते, आणि आलवणाला कात्री लावण्याची घाई तर मुळीच नाही.

तुकड्यांची मांडणी ठरली की ती विस्कटू नये म्हणून ओळीओळीने उचलून दोऱ्यात ओवून ठेवावी, आणि प्रत्येक ओळीला कागदाची चिठ्ठी लावावी. आत जुन्या सुती लुगड्यांचे दोन-तीन थर, खाली धोतराचे मऊ अस्तर आणि भोवती गडद कापडाचा गोट, इतके झाले की सुई हाती घ्यावी. दोरा शक्यतो एकाच रंगाचा असावा. पांढरा किंवा फिका दोरा गडद तुकड्यांवर ओळीने उमटतो आणि निरनिराळ्या घरांतून, निरनिराळ्या काळांतून आलेल्या त्या कापडांना एका हाताखाली आणतो. टाके बारीक आणि ओळी बोटभर अंतरावर असल्या तर आतले विरलेले थर धुण्याने गोळा होत नाहीत.

गोट लावून झाल्यावर आणखी एक काम करण्यासारखे आहे, आणि ते फारसे कोणी करीत नाही. अस्तराच्या एका कोपऱ्यात, साध्या टाक्यांनी, वर्ष आणि ज्यांची वस्त्रे या गोधडीत आली त्यांची नावे घालून ठेवावी. आज घरात सर्वांना ठाऊक असते की हा निळा तुकडा कोणाचा आणि हा खण कोणाच्या लग्नातला. पन्नास वर्षांनी ते सांगणारे कोणी उरत नाही, आणि मग उत्तम गोधडीही केवळ जुनी गोधडी होऊन बसते. पाच तांबड्या तुकड्यांच्या मालकिणीचे नाव तर घरातल्या वंशवृक्षातही बहुधा लिहिलेले नसते. निदान दुपट्याच्या कोपऱ्यात ते असावे. त्याला टीचभर दोरा पुरतो.